‘राजीखुशीने ताबा सोपवला’ या ओळीखाली सही करू नका

प्रश्न : वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या वडिलोपार्जित वाड्यातील वरच्या दोन खोल्या माझ्या ताब्यात होत्या. मी सध्या मुलीकडे पुण्याला असतो. चुलतभावाने आपला एक तृतीयांश हिस्सा बिल्डरला विकला आणि १९ जानेवारीच्या रात्री बिल्डरच्या माणसांनी माझे कुलूप तोडले, सामान बाहेर काढले व स्वतःचे कुलूप घातले. पोलिसांनी फक्त अर्जी घेतली आणि ‘बाब दिवाणी आहे’ असे सांगितले. आता बिल्डर नव्या इमारतीत फ्लॅट आणि तोपर्यंतचे भाडे द्यायला तयार आहे. तडजोडीच्या करारावर सही करावी का? की जमीन बळकावण्याविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार करावी?

उत्तर : आपण सोबत पाठवलेला करारनाम्याचा मसुदा मी दोनदा वाचला. त्यातील फ्लॅटचे क्षेत्रफळ, भाड्याची रक्कम आणि पार्किंग यांवर आपण पत्रात सविस्तर लिहिले आहे, परंतु सातव्या कलमाबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही. ‘लिहून देणार यांनी सदर खोल्यांचा रिकामा व शांततामय ताबा राजीखुशीने लिहून घेणार यांस यापूर्वीच सोपवलेला आहे’ असे ते कलम आहे, आणि त्यात ताबा दिल्याच्या तारखेची जागा कोरी सोडलेली आहे. आपल्या संपूर्ण प्रकरणाचा निकाल या ओळीवर आणि १९ जुलै या तारखेवर अवलंबून आहे.

स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, ज्याला त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याची रीत सोडून स्थावर मालमत्तेतून हुसकावून लावले आहे, त्याला मालकीचा वाद बाजूला ठेवून ताबा परत मागता येतो. समोरचा माणूस खरेदीखत दाखवो किंवा हिस्सेदार असल्याचे सांगो, या दाव्यात न्यायालय मुख्यतः एवढेच पाहते की ताबा आपला होता का, तो आपल्या संमतीशिवाय गेला का आणि दावा सहा महिन्यांच्या आत आला का. ही मुदत ताबा गेल्याच्या दिवसापासून मोजली जाते, आपल्याला कळल्याच्या किंवा पोलिसांनी परत पाठवल्याच्या दिवसापासून नव्हे. अपिलाला उशीर झाल्यास विलंबमाफीचा अर्ज करता येतो, दाव्याला ती सवलत नाही. आज जून अर्धा सरला आहे. म्हणजे पाच महिने आपण मध्यस्थांच्या फोनची वाट पाहण्यात घालवले आहेत, आणि हे मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे, कारण मांडवी, वाडी, रावपुरा या जुन्या वस्त्यांतून येणाऱ्या बहुतेक पत्रांत हीच चूक असते. बोलणी लांबवणाऱ्या बिल्डरला सहा महिन्यांचा हिशेब पक्का ठाऊक असतो. सातव्या कलमाखाली आपली सही झाली की ‘संमतीशिवाय’ हा शब्दच आपल्या दाव्यातून निघून जाईल, आणि कोऱ्या जागेत कोणती तारीख पडेल यावरही आपला ताबा राहणार नाही.

दावा जुलैच्या पहिल्या आठवड्यात दाखल झाला पाहिजे. शेवटच्या दिवसावर विसंबू नका. एखादा कागद अपुरा आहे म्हणून दावा हरकतीत अडकला तर तो दुरुस्त करायला हाताशी दिवस हवेत. सोबत बांधकाम, पाडकाम आणि तिऱ्हाइताला विक्री यांविरुद्ध तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज आणि खोल्यांची आजची स्थिती नोंदवण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या. पुराव्यासाठी मालकीची फाईल शोधत बसू नका. ताबा दाखवणारे कागद हवेत : वीज कंपनी एमजीव्हीसीएलची आपल्या नावाची लाइट बिले, वेरा (घरपट्टी) पावत्या, गॅस जोडणीची वही, आणि त्या रात्री कुलूप तुटताना ज्यांनी पाहिले त्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे. शेजारी सहा महिन्यांनंतर बोलायला कचरतात, म्हणून हे काम आधी उरका. पुण्याहून एखाद्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन दावा चालवता येईल, पण आपल्या ताब्याविषयी साक्ष द्यायला आपल्याला स्वतः यावे लागेल, कारण जे आपल्याला माहीत आहे ते मुखत्यार शपथेवर सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट गुजरातेत आणि महाराष्ट्रात इतर राज्यांपेक्षा वेगळी आहे, आणि ती न केल्यामुळे चांगले दावे वाया गेलेले मी पाहिले आहेत. प्रलंबित दाव्यातील मालमत्ता विकत घेणारा दाव्याच्या निकालाने बांधला जातो हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२ सांगते, परंतु जुन्या मुंबई इलाख्यातील दुरुस्तीमुळे आपल्याकडे त्यासाठी लिस पेंडन्सची, म्हणजे दावा प्रलंबित असल्याची, नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही, तर उद्या त्या जागी फ्लॅट बुक करणाऱ्यांविरुद्ध आपल्याला या कलमाचा आधार मिळणार नाही. दावा दाखल होताच हे करून घ्या.

बिल्डर स्वतः हिस्सेदार असल्याचे म्हणेल. राहत्या घराचा अविभक्त हिस्सा कुटुंबाबाहेरच्या माणसाने विकत घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला संयुक्त ताब्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा करावा लागतो. तसा दावा त्याने केला, तर १८९३ च्या पार्टिशन अ‍ॅक्टच्या कलम ४ खाली न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेण्याची मागणी आपण करू शकता. आपला वाडा अजून कायद्याच्या दृष्टीने अविभक्त आहे की पूर्वी तोंडी वाटणी झाली आहे, हे सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड आणि जुने कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ‘७५ टक्के लोक तयार आहेत, तुमची सही लागत नाही’ हे त्याचे म्हणणे मात्र विसरून जा. ती तरतूद गुजरातच्या फ्लॅट मालकी कायद्यातील, जुन्या फ्लॅटच्या इमारतींच्या पुनर्विकासाची आहे. वडिलोपार्जित वाड्याच्या हिस्सेदारांना ती लावता येत नाही.

चुलतभावाच्या खरेदीखताची नक्कल काढून एक गोष्ट अवश्य पहा. वडोदऱ्याच्या जुन्या शहरातील बरेच भाग अशांत क्षेत्र म्हणून अधिसूचित आहेत, आणि अशा भागात १९९१ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरची पूर्वपरवानगी नसलेले हस्तांतर रद्दबातल ठरते. आपली जागा अधिसूचनेत असेल आणि दस्तावेजाला परवानगी जोडलेली नसेल, तर बिल्डरच्या पायाखालची जमीनच सरकते. मात्र हा मुद्दा वेगळा लढवायचा आहे, त्यासाठी कलम ६ चा दावा थांबवू नये.

फौजदारी बाजूबद्दल आपली अपेक्षा मोठी दिसते. कुलूप तोडून घरात शिरणे आणि सामान नेणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ आणि ३०५ खालचे गुन्हे आहेत, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. तेव्हा नुसत्या अर्जीवर आपण परत यायला नको होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार पुण्यातील ठाण्यातही देता येते, किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवून तीन दिवसांत सही करता येते. तरीही दाद मिळाली नाही, तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी कळवून दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. हे करा, परंतु यातून खोल्या लगेच परत मिळणार नाहीत. ज्या कार्यवाहीत दोन महिन्यांच्या आत हुसकावलेल्याला ताबेदार समजता येते, ती कलम १६४ ची कार्यवाही आपण मार्चमध्येच गमावली.

२०२० च्या गुजरात जमीन बळकावणे प्रतिबंध कायद्यात १० ते १४ वर्षांची शिक्षा आहे, म्हणून तो सर्वांना खुणावतो. तेथे अर्ज आधी कलेक्टरांच्या समितीपुढे जातो. समोर नोंदणीकृत खरेदीखत असताना समिती काय ठरवेल याची खात्री मी देऊ शकत नाही. हा अर्ज करायचाच असेल तर दाव्यानंतर करा. त्याच्या उत्तराची वाट पाहत जुलै जाऊ देऊ नका.

कलम ६ च्या हुकुमाविरुद्ध अपील नाही, उच्च न्यायालयात मर्यादित फेरतपासणीच होऊ शकते. हा मार्ग झटपट असावा म्हणून संसदेने अपील ठेवलेच नाही, आणि तरीही आपल्या न्यायालयांत असे दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात. सुरसागराजवळच्या न्यायमंदिरातून न्यायालये दिवाळीपुऱ्यात गेली, इमारत मोठी झाली, तारखा मात्र तितक्याच लांब पडतात, याची मला मनापासून चीड येते. म्हणूनच मनाई हुकुमाच्या अर्जावर पहिल्याच दिवशी सुनावणी मागणारा वकील निवडा. १९ जुलै उलटली, तर मालकीवर आधारलेला दावा बारा वर्षांपर्यंत करता येईल, पण मग वाटणी, वारसा, मूल्यांकन आणि अपिले या सगळ्यांतून जावे लागेल, आणि तोवर त्या जागी इमारत उभी राहिलेली असेल.

तडजोडीचे दार बंद करण्याची गरज नाही. दावा दाखल झाल्यावर तीच बोलणी न्यायालयापुढे करा, तडजोड न्यायालयाच्या हुकुमात नोंदवून घ्या, आणि सातवे कलम पूर्ण वगळल्याशिवाय कोणत्याही मसुद्यावर, ‘नुसती पोच’ म्हणूनसुद्धा, सही करू नका. आजच बिल्डरला स्पीड पोस्टाने कळवा की १९ जानेवारीला माझा ताबा माझ्या संमतीशिवाय घेण्यात आला आहे आणि आपला मसुदा मला मान्य नाही. पावती जपून ठेवा.