‘छान झालीय’ की ‘छान केलीस’?

प्रश्न असा आला आहे: घरात रोज रांधून वाढणाऱ्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हटलं, की ते माणूस ‘हे काय नवीन?’ अशा नजरेनं बघतं. ‘आभारी आहे’ तर थेट सभेतलं वाटतं. मग घरातल्या घरात कृतज्ञता सांगायला मराठीत शब्दच नाही का?

शब्द आहेत, पण बहुतेक जरा दुरून बोलणारे. ‘धन्यवाद’ द्यायचे आणि ‘आभार’ मानायचे, दोन्ही औपचारिक. घरात ‘आभार’ म्हटलं की ‘आभार कसले त्यात!’ हेच उत्तर येतं, कारण घरच्या माणसाला आपण परके झाल्यासारखं वाटतं. ‘उपकार’ त्याहून जड. उपकाराखाली दबलेला माणूस ‘मिंधा’ होतो, आणि जेवणाच्या ताटावर कुणी मिंधं होऊ नये. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार निष्ठेचा आहे, रोजच्या जेवणाशी त्याचा फारसा संबंध नाही.

माझं उत्तर एका साध्या क्रियापदात आहे. ‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड केली तर कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणी आपल्यासाठी काय केलं हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. (त्याच्या उलट ‘कृतघ्न’मधला घ्न मारणारा आहे, केलेल्याचा जीवच घेणारा.) आता जेवताना आपण काय म्हणतो ते ऐका. ‘आज भाजी छान झालीय.’ वाक्य प्रेमाचं आहे, पण त्यात भाजी आपली आपण झाली. निवडली कुणी, चिरली कुणी, मीठ बेतानं घातलं कुणी, याचा पत्ता नाही. करणारं माणूस स्वतःसुद्धा ‘कशी झालीय?’ असंच विचारतं, ‘कशी केलीय मी?’ असं नाही. तो त्याचा संकोच झाला. खाणाऱ्यानं तो उचलून धरायची काही गरज नाही.

‘भाजी छान केलीस’ म्हणून बघा. ‘केलीस’ हे रूप मला फार आवडतं. त्यातला ‘ली’ भाजीचा आणि शेवटचा ‘स’ तुझा. चहा असेल तर ‘केलास’, पण ‘स’ जागचा हलत नाही. ज्यांना ‘तुम्ही’ म्हणतो त्यांना ‘केलीत’, ‘केलात’. शिवाय करणारी आई असो की बाबा, क्रियापद बदलत नाही, कारण लिंग-वचन केलेल्या पदार्थाचं असतं. पदार्थ आणि माणूस, दोघांची दखल एका शब्दात. ‘करणे’ आणि ‘कृतज्ञ’मधला ‘कृत’ हे दोन्ही ‘कृ’ याच धातूचे, म्हणजे ‘केलीस’ म्हणणारा माणूस कृतज्ञच असतो, तो शब्द त्यानं उच्चारला नाही तरी.

यापुढचं पाऊल म्हणजे नेमकं काय केलं ते सांगणं. ‘माझं तोंड आलंय म्हणून तिखट कमी घातलंस ना?’ हा प्रश्न आहे, आभाराचा एक शब्दही त्यात नाही. तरी ऐकणारं माणूस ‘कळलं होय तुला!’ म्हणताना खुलतं. ‘जाण असणे’ म्हणतात ते हेच.

‘दाद’ हा शब्दही घरात आणायला हवा. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ न्याय, म्हणून तर कोर्टात ‘दाद मागतात’. गाण्यातल्या जागेला दाद देतो तशी ताटातल्या पदार्थालाही द्यावी, आणि ती पहिल्या घासाला द्यावी. हात धुताना दिलेली दाद जरा उशिराची वाटते. दाद मिळाली की रांधणारं माणूस म्हणतं, ‘केल्याचं चीज झालं.’ ही ‘चीज’ही फारसी, अर्थ नुसता ‘वस्तू’. मराठीत मात्र तिला मोल चढलं.

लिहून द्यायचं असेल, वाढदिवसाच्या चिठ्ठीत वगैरे, तर ‘कृतज्ञ आहे’ खुशाल लिहा, कागदावर तो शब्द शोभतो. ‘पांग फेडणे’ आईवडिलांच्या संदर्भात चांगलं, पण ते पुढच्या आयुष्याचं बोलणं झालं. आज रात्रीच्या जेवणाला ‘केलीस’ पुरे.