आधी पोती भर

प्रिय लेकी,

ओल्या कचऱ्याचं खत करायच्या बादलीला वास येतो, अळ्या झाल्यात, शेजारच्या काकू टोमणे मारतात, म्हणून विजेवर चालणारं खताचं यंत्र घेऊ का, असं विचारलंयस. घेऊ नकोस. आधी सुक्या पानांची पोती भर.

फेब्रुवारी संपत आलाय. पुण्यात एरंडवण्यात, मॉडेल कॉलनीत सकाळी सातला रस्त्याकडेला सुक्या पानांचे ढीग लागतात. हे ढीग मार्चअखेरपर्यंतच. मग जूनमध्ये पाऊस लागला की चार महिने कोरडं पान डोळ्याला दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच त्याची सगळ्यात जास्त गरज असते. तुझी बादली कशानं बिघडली ते यातच आलं. ओला कचरा तू रोज टाकलास, सुकं काहीच टाकलं नाहीस. पाणी साचलं, हवा कोंडली, कचरा कुजायचा तो सडला. वास त्याचा. त्यावर बाजारातलं कल्चर, म्हणजे कचरा कुजवणारे जंतू, कितीही शिंपडलंस तरी उपयोग नाही, कारण उणीव जंतूंची नाही, हवेची आहे.

हिशेब सांगते. तुमच्या दोघांच्या स्वयंपाकघरातून रोज साधारण अर्धा लिटर सालं-देठं निघतात. त्यावर दुप्पट, म्हणजे एक लिटर चुरलेली पानं. वर्षाचा चुरा झाला साडेतीनशे लिटरच्या वर. 50 किलो धान्याच्या गोणीत तो सत्तरएक लिटर मावतो. म्हणजे सहा गोण्या. जागा नसेल तर पावसाळ्यापुरत्या तीन तरी. चुरल्याशिवाय भरू नकोस, नुसती पानं तिप्पट जागा खातात. अर्धी गोणी भरायची, तोंड धरून पायानं तुडवायची, मग वर आणखी. वर्षावृक्षाची बारीक पानं सगळ्यात उत्तम, हातातच मोडतात. वड-पिंपळाची चालतात. आंब्याचं पान चिवट, ते नीट चुरावं लागतं. निलगिरी आणि सुरूचं घेऊच नकोस.

आता बादली. रंगाची 20 लिटरची, झाकणासकट. तळाला दहा भोकं, बाजूंना दोन-दोन इंचांवर 6 मिलिमीटरची भोकं. तळाशी तीन इंच पानं, त्यावर पेलाभर आंबट ताक. मग रोज कचरा बारीक चिरून टाकायचा आणि वर पानं. कचरा डोळ्यांना दिसता कामा नये. आठवड्यातून दोनदा लोखंडी सळईनं तळापर्यंत ढवळ. ओल तपासायची तर मूठभर घेऊन आवळ: एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पानं कमी पडली, मूठ उघडताच भुगा सांडला तर पाण्याचा हबका मार. महिन्याभरात ती भरते, मग दोन महिने तिला हात लावायचा नाही. म्हणून बादल्या तीन लागतात. दोनच असल्या की अर्धकच्चं खत उपसून कुंडीत जातं आणि तिथे झाडाची पानं पिवळी पडतात. अळ्या मारू नकोस, त्या कचरा खाऊन कामच करतात. त्या वाढल्या म्हणजे ओल वाढली. पानं टाक.

अगं, यंत्रातून निघतो तो बहुतेक वाळवलेला कचरा. खत नव्हे. ओला झाला की कुंडीत पुन्हा सडायला लागतो.

हीच पानं एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा कामी येतात. पारा चाळिशीला टेकला की पश्चिमेच्या गॅलरीतली दहा इंची कुंडी दुपारपर्यंत खडखडीत होते. मातीवर दोन इंच पानांचं आच्छादन घाल, खोडापासून दोन बोटं सोडून. चिकटलं तर बुंधा कुजतो. टोमॅटोचा तळ काळा पडतो त्यावरही तू औषध विचारतेस. बहुधा एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब, एवढंच कारण असतं. पाण्याच्या चढउतारामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. आच्छादन घाल, पाणी नेमानं दे.

सोसायटीत म्हणतील, पोत्यांत उंदीर होतील, साप येतील. उंदीर शिळ्या भातानं आणि पोळीनं येतात. ते बादलीत टाकूच नकोस. मला भंगारवाली म्हणतात, म्हणोत. दारातली पानं पेटताना बघत नर्सरीतून पोतं-पोतं खत विकत आणलं तेवढी वर्षं मला जास्त लाजिरवाणी वाटतात. पालापाचोळा जाळायला बंदी आहे, तरी धूर दिसतोच.

बियांचं विचारलंस म्हणून सांगते: आत्ता भेंडी, गवार, चवळी. मेथी-कोथिंबीर उन्हाळ्यात चटकन फुलावर जाते, त्यांना ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर घे. ब्रोकोलीचं पाकीट मात्र मे महिन्यात उघडू नकोस, बाई.

रविवारी सातच्या आत खाली उतर. झाडणाऱ्या मावशींना विचारून घे, प्लास्टिक आणि सिगारेटची थोटकं वेचून काढ.

तुझी मावशी

ता. क. दवानं ओली असतील तर पानं लगेच बांधू नकोस. दोन दिवस गच्चीवर पसर, मग गोणीचं तोंड सैल बांध. एकदा आत वाफ धरली की सगळी गोणी बुरशीनं पांढरी होते.