वडिलांनी १९९८ ते २००६ या काळात टाइप केलेल्या मराठी फाइल्स उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्या वाचता येतील का? आणि मी आता मराठी टायपिंग कुठल्या पद्धतीने शिकू?

वाचता येतील. जवळजवळ सगळ्या. 'फाइल करप्ट झालीय' असं तुम्हाला ज्यानं कुणी सांगितलं असेल त्याच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला नेणं आजपासून बंद करा. फाइल ठणठणीत आहे.

त्या काळात मराठी टाइप करणं म्हणजे खरं तर इंग्रजीच टाइप करणं होतं, वर फक्त मराठीचा मुखवटा. कृतिदेव नावाच्या फॉन्टमध्ये 'मराठी' लिहायचं तर ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही बटणं दाबायची. पडद्यावर 'मराठी' दिसायचं, फाइलमध्ये मात्र तीच पाच इंग्रजी अक्षरं जायची. तुमच्या मशीनवर तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवट्याखालचं दिसतंय. आणि प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, प्रत्येकाची बटणं वेगळी. शिवाजी नावाच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं कृतिदेव लावून उघडलंत तर मराठी अक्षरं दिसतील, पण अर्थ शून्य.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, तेव्हा नव्हतं असं नाही. देवनागरीला १९९१ मध्येच त्यात १२८ जागांचा कप्पा मिळाला होता, तोही इस्की या आपल्याच भारतीय मानकाच्या मांडणीवरून. पण विंडोज २००० येईपर्यंत सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरला तो दाखवताच येत नव्हता. मग आली एक्सपी. तिच्यात मंगल फॉन्ट होता, पण रीजनल सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची खूण करा, मग ती मूळ सीडी मागणार. सायबर कॅफेवाल्याकडे मूळ सीडी? पायरेटेडही तो कुलपात ठेवायचा. त्यामुळे २००५-०६ पर्यंत सगळं जग जुन्याच फॉन्टवर चाललं, तुमच्या वडिलांसकट.

आता हा प्रश्न मला का झोंबला ते सांगतो.

माझे मामा सांगली-कोल्हापूर भागात ऑर्केस्ट्राचे निवेदक होते. गणपती, नवरात्र, साखर कारखान्यांचे वाढदिवस, कॉलेजची गॅदरिंगं. आवाज खर्जातला आणि स्मरणशक्ती घातक. प्रत्येक गाण्याआधी दीड-दोन मिनिटांचं बोलणं: संगीतकार कोण, चाल कशी सुचली, रेकॉर्डिंगला कोण उशिरा आलं, कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओच्या आवारात कोण कुणावर कसं चिडलं. हे सगळं ते आधी फुलस्केपवर लिहायचे. नंतर माझ्या दाजींनी डीटीपीचं दुकान टाकलं आणि मामांचे कागद तिथं टाइप व्हायला लागले. मामांना मोठ्या टायपात छापलेले कागद हवे असायचे, स्टेजवरच्या उजेडात वाचता यावेत म्हणून. छापून झालं की फाइल दाजींच्या मशीनवर पडून राहायची, आणि वर्षाकाठी एखादी सीडी मामांच्या कपाटात.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि नुकताच युनिकोडच्या प्रेमात पडलो होतो. दाजींना म्हटलं, हे आत्ताच युनिकोडमध्ये करून ठेवा, नाहीतर पुढं वाचता येणार नाही. दाजी काउंटरवरून म्हणाले, "छापून आलं ना? झालं की मग. तुझ्या कोडाला कोण विचारतंय?" दुकानात गिऱ्हाइकं होती, तीही हसली. ते हसणं माझ्या अजून डोक्यात आहे. हे उत्तर दाजींना पाठवणार आहे, त्यामुळे तुम्हाला उगाच लांबण वाटली तर माफ करा.

पुढं व्हायचं तेच झालं. दाजींनी मशीन बदललं. त्यांच्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक असायचं, नव्या मशीनला तो पोर्टच नव्हता. (कुठलं सॉफ्टवेअर ते सांगत नाही.) मामांचा घसा बसला, कार्यक्रम थांबले. मग एका वर्षी गावातल्या मुलांनी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला आणि मामांकडे निवेदनाची टिपणं मागितली. मामांनी मला सीड्या दिल्या. उघडल्या तर सगळीकडे स्वल्पविराम, चौकटी कंस आणि डॉलरची चिन्हं.

तुम्हाला वाटेल, सोपं आहे: कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर याची यादी करायची आणि शोधा-बदला करत सुटायचं. मोफत कन्व्हर्टरपैकी निम्मे एवढंच करतात, आणि म्हणूनच ते भिकार आहेत. जुन्या फॉन्टमध्ये जे जसं दिसतं तसं डावीकडून उजवीकडे टाइप केलेलं असतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी टाइप केलेली. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते, पडद्यावर डावीकडे नेण्याचं काम मशीन करतं. म्हणून नुसती अदलाबदल केली की 'किस्सा'चं 'िकस्सा' होतं. थोडा शहाणा कन्व्हर्टर वेलांटी एक घर पुढं सरकवतो, पण 'स्थिती'सारखं जोडाक्षर आलं की 'स्िथती' करून ठेवतो, कारण त्याला अर्धा स ओलांडायचं सुचत नाही.

रफार उलट्या बाजूनं छळतो. तो दिसतो अक्षराच्या डोक्यावर, म्हणून टाइप होतो नंतर. युनिकोडला मात्र तो आधी हवा. त्यामुळे 'कार्यक्रम'चं 'कायर्क्रम' होतं. हा 'कायर्क्रम' तुम्ही सरकारी वेबसाइटवर पाहिला असेल. तो टायपिस्टचा अडाणीपणा नसतो, कन्व्हर्टरचा असतो. आणि निवेदकाच्या फायलींमध्ये 'कार्यक्रम' हा शब्द किती वेळा येत असेल याचा विचार करा.

मी पायथॉनमध्ये स्वतःच लिहायला घेतलं. दाजींच्या जुन्या बाडातून त्या फॉन्टचा तक्ता मिळाला, कुठल्या बटणाला काय याचा, कोपरे उंदरांनी खाल्लेला. जुन्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा, त्यात इंग्रजीची चिन्हं सांभाळून मराठी कोंबलेली. त्यामुळे काही अक्षरं तीन-तीन तुकड्यांत. अर्धा श वेगळा, काना वेगळा, श्र अजून कुठंतरी. ऑपरेटरनं तरी शिस्तीत टाइप करावं? तेही नाही. दिसायला बरोबर आलं की झालं, म्हणून कुठं अनुस्वार आधी आणि वेलांटी नंतर, कुठं उलट. कागदावर फरक शून्य, माझ्या प्रोग्रॅमला मात्र ते दोन वेगळे शब्द.

सगळ्यात वाईट भाग ऱ्याचा. 'दुसऱ्या', 'वऱ्हाडी', 'तऱ्हा' यांतला अर्धचंद्रासारखा र हिंदीवाल्यांना लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी केलेले कन्व्हर्टर तिथं हमखास 'दुसर्या' करतात. त्यात युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखेच, शोधायला वेगळे. तसंच 'ॲ'चं. हे अख्खं अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र द्यायचे आणि अजूनही देतात. तुम्ही 'ॲक्टर' शोधलं आणि फाइलमध्ये 'अॅक्टर' असलं तर सापडणार नाही. एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच करून घ्या. हे काम शेवटाला ठेवू नका.

शेवटी सगळी टिपणं एका साध्या टेक्स्ट फायलीत आली. मामांना लॅपटॉपसमोर बसवलं, शोधायची चौकट दाखवली. ते म्हणाले, गीतकार 'खेबुडकर' टाक. टाकलं. मामांच्या आयुष्यभराचे खेबुडकर एका रांगेत. मग म्हणाले 'राम कदम', मग 'वसंत पवार', मग 'ढोलकी'. तासभर मला उठू दिलं नाही. आणि मग एक भानगड उघडी पडली: एकच किस्सा, गायिकेला स्टुडिओत हुंदका आला आणि टेक तोच ठेवला वगैरे, तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांत तीन वेगवेगळ्या गायिकांच्या नावावर. मी विचारलं, मामा, यातलं खरं कुठलं? मामा शांतपणे म्हणाले, "श्रोते वेगळे होते."

दाजींच्या छापील कागदांत हे कधी सापडलं नसतं. छापलेला कागद वाचता येतो, पण त्याला काही विचारता येत नाही. आणि हे फक्त मामांपुरतं नाही. मराठी वेबची सुरुवातीची अनेक वर्षं अशीच वाया गेली. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्या, काही साइट तर फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच नीट दिसायच्या. त्या काळातला एखादा सिनेमाचा परीक्षण-लेख मराठीत शोधून दाखवा. गुगलला ती पानं मराठी वाटलीच नाहीत. फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचं एक एक्स्टेंशन होतं, ते अशा पानांचं जागच्या जागी युनिकोड करून द्यायचं. ज्यांनी ते लिहिलं त्यांना माझा नमस्कार. ज्यांनी संपूर्ण दशक 'दिसतंय ना' म्हणत काढलं त्यांच्याबद्दल मी इथं बोलत नाही, घरचेच आहेत.

बरं, तुमच्या फायली. वर्डमध्ये उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत नाव बघा. फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड त्याचं नाव तिथं दाखवतो. ते नाव हाती आलं की अर्धं काम झालं. कृतिदेव असेल तर कन्व्हर्टर पैशाला पासरी आहेत, फक्त वर सांगितलेले चार शब्द घालून तपासा: किस्सा, स्थिती, कार्यक्रम, दुसऱ्या. चारही बरोबर आले तरच अख्खी फाइल घाला. मूळ फायलींना हात लावू नका, प्रतीवर काम करा. घरगुती पत्रव्यवहार असेल तर अनोळखी साइटवर चढवू नका.

पेजमेकरच्या (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फायली असतील तर डोकेदुखी जास्त, कारण आधी तो उघडणारं मशीन शोधावं लागेल. पण वडिलांकडे छापील प्रती असतील तर हे सगळं सोडा आणि सरळ स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनकडून ओळखून घ्या. टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि त्याला मराठी येतं, गुगल ड्राइव्हमध्ये चित्र टाकून डॉक्समध्ये उघडलं तरी मजकूर मिळतो. स्वच्छ छपाई असेल तर निकाल बरा येतो. डॉट मॅट्रिक्सची असेल तर देव तुमचं भलं करो.

टायपिंग इनस्क्रिप्टच शिका, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची प्रमाण मांडणी. फोनेटिकवाले आता अंगावर येतील, येऊ द्या. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि क जिथं आहे तिथंच शिफ्ट दाबून ख. तर्क इतका साफ आहे की थोड्याच दिवसांत बोटं बघणं बंद होतं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे ते आधीपासून असतं, कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही, आणि हिंदी, कन्नड, बंगाली लिहायची वेळ आली तरी क तिथंच असतो. फोनेटिकमध्ये तुम्ही मराठी विचार करून रोमनमध्ये स्पेलिंग करता आणि मग मशीन ते परत मराठीत आणतं. ण कसा काढायचा, ळ कसा काढायचा, ज्ञ ला काय, हे प्रत्येक ॲपमध्ये वेगळं. जुन्या टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी तर शिकूच नका, टायपिंगच्या परीक्षेला बसायचं नसेल तर.

अर्थात फोनवर मीही फोनेटिकच वापरतो, आणि आठवड्यातून दोन ओळी लिहिणाऱ्यानं इनस्क्रिप्टच्या नादी लागू नये. बोलून टाइप करणंही आता बरं चालतं.

आणि एक गोष्ट दाजींसाठी लिहायलाच हवी, नाहीतर ते खाली प्रतिक्रियेत लिहितील. तेव्हा पेजमेकर युनिकोड देवनागरी नीट घेतच नव्हता. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये आपली जोडाक्षरं धड यायला २०१२ ची सीएस६ आवृत्ती उजाडावी लागली. म्हणजे त्यांनी माझं ऐकून दुकान युनिकोडवर नेलं असतं तर लग्नपत्रिकांत 'शुभविवाह' फाटून आला असता आणि गिऱ्हाईक गेलं असतं, हे खरं. पण मी छपाई बदला म्हटलंच नव्हतं. जुन्या फॉन्टात छापा आणि एक प्रत युनिकोडमध्ये ठेवा, एवढंच म्हटलं होतं. आता 'मुक्त', 'बलू' यांसारखे चांगले युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात, तरी दाजींचा ऑपरेटर आजही पत्रिका जुन्या फॉन्टात करतो आणि व्हॉट्सॲपवर तिचा फोटो पाठवतो. पत्ता कॉपी करायला गेलं की होत नाही. मागच्या महिन्यात मीच त्या कार्यालयाचा पत्ता हातानं टाइप करून नकाशात शोधला.