निळं पाणी रिकामं असतं का?

प्रश्न: भर समुद्रातलं पाणी किनाऱ्यापेक्षा कितीतरी नितळ दिसतं. म्हणजे त्यात जीव नसतातच का?

उत्तर: छे, असतात की! एका मिलिलिटरमध्ये लाखो जीवाणू, आणि विषाणू त्यांच्या साधारण दसपट. डीएनएला चिकटणारा हिरवा रंग घालून मी असं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरते, तेव्हा काळोखात ठिपक्यांची नुसती गर्दी उसळते. ठळक ते जीवाणू, अंधुक ते विषाणू. किनाऱ्याला नद्यांमधून नायट्रेट, फॉस्फेट अशी पोषक द्रव्यं मिळतात, म्हणून तिथे थोराड डायटम (एकपेशीय शैवाल) माजतात. बाहेर भर समुद्रात कायमची उपासमार. तिथे प्रोक्लोरोकॉकस या प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूचं राज्य! जेमतेम ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा हा जीव (१९८८ पर्यंत त्याचं वर्णनही झालं नव्हतं, बोला!) आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्याने कणभर पोषणावरही तगतो. विषाणूंनी फोडलेल्या पेशींतून सांडलेलं मग शेजारचे जीवाणू लगेच मटकावतात.