११ चं मायलेज अन् इंजेक्टर क्लीनिंग

भाऊ, गाडी लिटरला ११ किमीच देते, इंजेक्टर क्लीनिंग करू का म्हणून विचारतो, तर क्लीनिंगचे पैसे सध्या खिशातच ठेव. १.२ लिटर इंजिनची पेट्रोल गाडी, नागपुरात त्रिमूर्ती नगर ते सिव्हिल लाइन्स साडेसहा किमी, एसी फुल, अन् मेकॅनिक म्हणते इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) चोकअप आहे म्हणून ११ देऊन राहिली. आधी हिशोब तर कर ना बापा.

चालती गाडी १५ देते असं धरू, म्हणजे साडेसहा किमीला ४३० मिली. आता शंकर नगर चौक, लॉ कॉलेज चौक, मधले बाकीचे सिग्नल मिळून आठेक मिनिटं नुसती उभी राहते, एसी लावून उभ्या गाडीला तासाला साधारण एक लिटर लागते, म्हणजे अजून १३० मिली गेलं. झाले ५६०. भाग देऊन पाहा, साडेअकरा येते, अन् यात सकाळी थंड इंजिन जास्त पेट्रोल ओढते ते धरलंच नाही. कंपनीचा २० चा आकडा लॅबमध्ये रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असते, त्याच्याशी कम्पेअर करून काय उपयोग.

त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, अन् इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे ऊर्जाच साधारण एक तृतीयांश कमी. ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी सेट केलेल्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्के पडेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे, तुझी गाडी त्याआधीची असेल तर ते धरूनच चाल. महागडं पॉवर पेट्रोल टाकून हे भरून निघत नाही.

डिस्प्लेवरचा आकडा सोड, टँक टू टँक काढ. एकाच पंपावर पहिल्या ऑटो कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होते तिथपर्यंत) भर, पोऱ्या म्हणेल राउंड फिगर करून देतो, करू देऊ नको. तीनेकशे किमी चालव, पुन्हा तसंच भर, किमी भागिले लिटर.

हवा सकाळी थंड टायरमध्येच चेक कर. मे महिन्यात दुपारी रिंग रोडवरून आल्यावर मीटर ४-५ पीएसआय जास्त दाखवते, पंपवाला ती काढून टाकते अन् सकाळी टायर बसलेला राहते, नागपुरात अर्ध्या गाड्या अशाच फिरून राहिल्या असतील. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते.

उतारावर न्यूट्रल मारायची सवय असेल तर सोड, गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल बंदच होते, न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगचं जळत राहते अन् कंट्रोल जाते ते वेगळंच.

समृद्धीवरही मायलेज मिळालं नाही म्हणतो, पण १२० ने हाणली असशील तर कसं मिळेल, ८० च्या तुलनेत हवेचा अडथळा सव्वादोन पट होते. एकदा ९० ने जाऊन पाहा.

एवढं करूनही ९ च्या खाली आली तर गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा (डिस्कला लावू नको, भाजते), एकच चाक जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहिला आहे, इंजेक्टरच्या आधी ते दाखव.