सईला पत्र : मोदक आणि चिमूटभर धूप

प्रिय सई,

तुझा परवा रात्रीचा मेसेज वाचला. तिथल्या चर्चच्या तरुणांच्या अभ्यासात सध्या पहिल्या तीनशे वर्षांतले हुतात्मे चालले आहेत आणि तू सरळच विचारलंस, "पॉलिकार्पने चिमूटभर धूप टाकला नाही म्हणून त्याला जाळलं. आपण मात्र मंडळाच्या गणपतीला जाऊन प्रसादाचा मोदक खाल्ला. आजी मंगळसूत्र घालते, आई दारात रांगोळी काढते. मग आपली निष्ठा नक्की कशात?" व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पॉलिकार्पपासूनच सुरू करतो, कारण त्याची गोष्ट बहुतेक वेळा शेवटच्या आगीपासून सांगतात आणि आधीचा सगळा मजकूर गळून पडतो. तो स्मुर्णाचा म्हातारा बिशप. स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. काळ इ.स. 155-156 च्या सुमाराचा. स्मुर्णाच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, दुसऱ्या गावच्या मंडळीला पत्र लिहून हा प्रसंग कळवला आणि ते पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात पॉलिकार्पच्या आधी क्विंटस येतो. हा फ्रुगिया भागातला माणूस आपणहून अधिकाऱ्यांपुढे गेला, आणखी काहींनाही त्याने भरीला पाडलं, आणि रिंगणातली जनावरं दिसल्यावर त्याची बोबडी वळली. शेवटी त्याने कैसराची, म्हणजे रोमी सम्राटाची, शपथ घेतली, अर्पणही केलं. पत्र लिहिणारे त्याला शिव्याशाप देत नाहीत. आपणहून मरणाच्या तोंडी जाणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही, शुभवर्तमान असं शिकवत नाही, एवढंच म्हणतात.

पॉलिकार्प काय करतो? लोकांच्या आग्रहावरून शहराबाहेरच्या मळ्यावर जाऊन राहतो. शोध सुरू झाल्यावर दुसऱ्या मळ्यावर. तिथून मात्र तो हलला नाही. पकडायला घोडेस्वार आले तेव्हा रात्रीची वेळ होती. म्हातारा माडीवरून खाली आला, त्यांच्याशी बोलला आणि त्यांना जेवायला-प्यायला वाढा म्हणाला. स्वतःसाठी प्रार्थनेला तासभर मागून घेतला, त्याचे दोन तास झाले. मग वाटेत पोलीस अधिकारी हेरोद आणि त्याचा बाप निकेतेस यांनी त्याला आपल्या गाडीत घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "कैसर प्रभू आहे म्हणायला आणि जरा धूप टाकायला काय बिघडतं?" तो ऐकेना तेव्हा त्यांनी त्याला गाडीतून असं घाईने उतरवलं की त्याची नडगी खरचटली. काही झालंच नाही अशा थाटात तो चालू लागला, असं पत्रात लिहिलंय. सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य त्यानंतर येतं, राज्यपालापुढे : 86 वर्षं मी त्याची सेवा करतोय, त्याने माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा मी कशी करू?

मला ती नडगी त्या आगीपेक्षा जास्त आठवते. "काय बिघडतं" म्हणणारी माणसं दुष्ट नव्हती, त्यांना त्याला वाचवायचंच होतं.

आता धुपाकडे येऊ. त्या चिमटीत एवढं काय होतं ते प्लिनीमुळे कळतं. इ.स. 110 नंतर थोड्याच काळात हा काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बिथुनिया-पंत प्रांताचा राज्यपाल होता. ख्रिस्ती लोकांचं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं. आरोपीला तो तीनदा विचारायचा, तू ख्रिस्ती आहेस का? जो ठाम राहील त्याला मृत्युदंड. रोमी नागरिक असेल तर रवानगी रोमला. जो नाही म्हणेल त्याने सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायचा, आणि वर ख्रिस्ताची निंदा करायची. खऱ्या ख्रिस्ती माणसाकडून हे करून घेता येत नाही असं ऐकलंय, असं प्लिनीच लिहितो. म्हणजे तो धूप सुगंधासाठी नव्हता, पूजेसाठीही फारसा नव्हता. तू आधी ज्याचा होतास त्याचा आता नाहीस, हे चारचौघांत वदवून घ्यायचं ते साधन होतं.

त्याच पत्रात तुझ्या मोदकाचा जुना भाऊबंद सापडतो. प्लिनी समाधानाने कळवतो की ओस पडलेली देवळं पुन्हा गजबजू लागली आहेत आणि बळीच्या मांसाला आजवर क्वचितच गिऱ्हाईक मिळायचं, ते आता ठिकठिकाणी विकलं जातंय. म्हणजे त्या प्रांतातल्या ख्रिस्ती घरांनी मांस घेणंच टाळलं होतं आणि त्याची झळ खाटकांपर्यंत पोचली होती.

हा वाद त्याहून दोन पिढ्या जुना. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत देवाला वाहिलेलं मांस खावं की नाही यावरून भांडणं होती. प्रेषित पौल त्यांना लिहितो, बाजारात मिळतं ते खा, चौकशी करत बसू नका. कुणी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. पुन्हा त्याच पत्रात तो म्हणतो की प्रभूच्या मेजावर आणि दुसऱ्या मेजावर, असं दोन्हीकडे भागीदार होता येत नाही. यरुशलेमला भरलेल्या प्रेषितांच्या सभेने तर अशा अन्नापासून दूरच राहायला सांगितलं होतं, आणि नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना त्याच खाण्यावरून खडसावलंय. एकाच नव्या करारात हे सगळं आहे. तेव्हा तुमच्या वर्गात कुणी "पहिल्या मंडळीचं मत असं होतं" म्हणालं, तर कुठल्या गावची मंडळी ते आधी विचार.

नगरला आमच्या वाड्यात शेजारच्या काकू गणपतीत एक वेगळं पातेलं ठेवायच्या. उकडीचे मोदक उतरले की नैवेद्य दाखवायच्या आधी त्यातले काही एका डब्यात भरून झाकून ठेवायच्या आणि धाकट्या मुलाच्या हाती आमच्याकडे पाठवायच्या. "सांग, हे नैवेद्याआधीचे आहेत." आजीने कधी मागितले नव्हते, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. नाताळात आजी करंज्या आणि शंकरपाळ्यांचा डबा पाठवायची, त्यात त्यांच्यासाठी केक मात्र नसायचा, कारण केकमध्ये अंडं. पौलाची ओळही न वाचलेल्या काकूंनी ती बरोबर उलट्या बाजूने पाळली होती.

मंडळाच्या गणपतीत वेगळं पातेलं नसतं, हे मला ठाऊक आहे. मी मोदक खातो, आरतीला मागे गप्प उभा राहतो, आरती म्हणत नाही आणि ताटही हातात घेत नाही. ज्या मावशी मला मोदक देतात त्या माझ्याकडून काही वदवून घेत नाहीत. मी रविवारी कुठे असतो हे त्यांना माहीत आहे, आणि आईच्या ऑपरेशनच्या वेळी जेवणाचे डबे त्यांच्याकडूनच येत होते. मला यात कुठे हेरोद दिसत नाही. मात्र अक्षराला धरून पाहिलं तर "प्रसाद आहे" असं सांगूनच तो हातावर ठेवतात, तेव्हा प्रसाद न घेणाऱ्या आजीची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे हे मान्य.

मंगळसूत्र आणि रांगोळीचं प्रकरण त्या मानाने सोपं. यरुशलेमच्या त्याच सभेत, इ.स. 49 च्या आसपास, हे ठरलं की यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ताकडे येताना आधी यहुदी होण्याची गरज नाही. पुढे दुसऱ्या शतकात, बहुधा, दियोग्नेत नावाच्या माणसाला कुणीतरी एक पत्र लिहिलं. लेखकाचं नाव कळलेलं नाही. तो म्हणतो, ख्रिस्ती लोक देशाने, भाषेने किंवा चालीरीतींनी इतरांहून वेगळे नाहीत. ते ज्या गावात राहतात तिथलीच वस्त्रं, तिथलंच अन्न. पण जन्मलेलं मूल ते उघड्यावर टाकून देत नाहीत, आणि मेज सगळ्यांसाठी मांडतात, शय्या नाही. रोमी जगात नको असलेलं मूल टाकणं सर्रास चालायचं, हे लक्षात घेतलंस तर ती रेघ कुठे मारलीये ते दिसेल.

कपड्यांवरूनही कडवे लोक होतेच. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला डोक्यावर फुलांचा मुकुट घालण्यावर तुटून पडला, लग्नातलासुद्धा. मूर्तिपूजकांची चाल म्हणे. पुढे पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये वधूवरांच्या डोक्यावर मुकुट ठेवणं हाच लग्नविधीचा गाभा झाला. आजीच्या काळ्या मण्यांत क्रूस ओवलेला आहे, त्याची वाट याहून फार निराळी नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनही शाकाहारीच राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असा वाद त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशी घातला. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, नंतर नगरलाच राहून अभंग आणि ओव्यांमध्ये भजनं लिहिली. आजी पेटीवर बोटं फिरवत म्हणते ती त्यांचीच. लक्ष्मीबाईंनी मात्र नवऱ्यामागे लगेच पाऊल टाकलं नाही. त्यांना पटायला पाच वर्षं लागली, 1900 मध्ये त्या आल्या. मधली वर्षं दोघांनी कशी काढली असतील याचा मी पुष्कळदा विचार करतो. टिकून राहणं म्हटलं की मला रिंगणाआधी ते घर आठवतं.

आणि जे टिकले नाहीत त्यांचं काय, हे तुम्हाला वर्गात सांगितलं का? डेसियस सम्राटाने इ.स. 250 च्या सुमारास फर्मान काढलं की प्रत्येकाने देवांना अर्पण करून तसा दाखला घ्यायचा. असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडलेत. भाषा अगदी आपल्या तहसील कचेरीतल्या अर्जासारखी : मी नेहमीच देवांना अर्पण करत आले आहे, आताही आपल्या समक्ष केलं, नैवेद्य चाखला, तरी दाखला मिळावा. खाली साक्षीदारांच्या सह्या. कार्थेजमध्ये ख्रिस्ती लोकांनी रांगा लावून अर्पण केलं. काहींनी अर्पण न करताच पैसे देऊन दाखला मिळवला. बिशप सिप्रियन लपून बसला आणि पत्रांतून मंडळी चालवत राहिला, त्यावरून त्याला टोमणेही खावे लागले.

छळ ओसरल्यावर ही माणसं रडत परत आली. घ्यायचं की नाही? रोममध्ये नोवाशियनचा गट म्हणाला, कधीच नाही. तुरुंगात हाल सोसून आलेले काही जण म्हणाले, आम्ही चिठ्ठी देतो, लगेच घ्या. सिप्रियन आणि 251 च्या कार्थेजच्या धर्मसभेने मधला रस्ता काढला. ज्यांनी नुसता दाखला विकत घेतला त्यांची प्रकरणं एकेक तपासून त्यांना आत घ्यायचं. ज्यांनी प्रत्यक्ष अर्पण केलं त्यांनी दीर्घ पश्चात्ताप करायचा आणि मरणशय्येवर त्यांना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, नाकारायचं नाही. पुढच्या छळाची चिन्हं दिसली तेव्हा हेही सैल केलं, कारण उद्या ज्यांना उभं राहायचंय त्यांना उपाशी कसं पाठवणार? खुद्द सिप्रियन 258 च्या सप्टेंबरात पळाला नाही. त्याचा शिरच्छेद झाला.

मला हे भांडण हुतात्म्यांच्या यादीपेक्षा जास्त शिकवून जातं. क्विंटससारख्यांची संख्या मोठी होती, आणि मंडळी टिकली ती त्यांना परत घेऊन, धुसफुसत, एकमेकांना पत्रं लिहीत. कडक राहिलेले गटही शतकानुशतकं टिकले, हे खरं. पण आपल्या घराण्यात मागे डोकावून पाहिलंस तर आपण कुणाच्या मंडळीत बसलो असतो हे तुझं तुलाच कळेल.

एक शेवटची गोष्ट सांगतो, मला आवडते म्हणून. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनच्या हुकुमावरून आजच्या अल्जीरियातल्या सिर्ता गावी अधिकारी मंडळीच्या घरावर आले. ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करायचे होते. त्यांच्या कारकुनाने केलेली यादी टिकून राहिलीये. सोन्याचे 2 प्याले, चांदीचे 6, काही दिवे. आणि मग, बायकांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16, पुरुषांचे 13 आणि बायकांचे 47 जोडे. गोरगरिबांना वाटायचे कपडे असणार. बिशपने त्या दिवशी विरोध केला नाही आणि त्यावरून पुढे बरीच वर्षं मोठा कलह माजला. पण आदल्या दिवसापर्यंत कुणीतरी ते 47 जोडे गोळा करून नीट लावून ठेवत होतं, हेही त्याच कागदावर आहे.

प्लिनीचं पत्र जेमतेम दोन पानांचं आहे आणि ट्राजनचं उत्तर त्याहून लहान, दोन्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखव. मोदकाचं आजीलाही विचार. रविवारी उपासनेहून आल्यावर, दुपारी ती आडवी व्हायच्या आत फोन कर. ती माझ्याशी सहमत होणार नाही. तुला कुणाचं पटतं ते नाताळात आलीस की सांग, आणि माझं पटलं नाही तर तसं सांग.

तुझा,
बाबा