चकमकीची ठासणीची रायफल संच आणून घरी बांधणे नवशिक्याला जमेल का?

अमेरिकेत मिळणारा संच आणून चकमकीची रायफल स्वतः बांधता येईल का, आणि ती भरवशाने उडावी यासाठी कशाकडे अधिक लक्ष द्यावे, असे आपण विचारले आहे. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि अशीच स्वतः बांधलेली रायफल चालवतो, त्या आधारावर सांगतो की छिन्नी व कानस हाताळण्याची सवय असेल तर हे काम जमते. मात्र दस्त्याला तेलपाणी करण्यात लोक जी मेहनत घेतात, तिचा बार उडण्याशी काडीचाही संबंध नसतो. बार उडतो तो लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) आणि नळीचा कान (आग आतल्या दारूपर्यंत नेणारे बाजूचे छिद्र) यांच्या जोरावर, आणि संच निवडताना पैसेही तिथेच खर्च करावेत.

आधी कायद्याचे. काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुकांच्या प्रतिकृती 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार सहसा पुरातन शस्त्रांत मोडतात, त्यामुळे संच बहुतेक ठिकाणी घरपोच मिळतो. काही राज्यांचे नियम अधिक कडक आहेत, ते आधी पाहावेत. भारतात मात्र 1959 च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि ती बनवण्यासाठी वेगळा परवाना लागतो, म्हणून तिथल्या नातेवाइकांसाठी संच नेण्याचा विचारही करू नये.

चाप ओढल्यावर घोड्यात धरलेला गारगोटीचा तुकडा फ्रिझन नावाच्या पोलादी पट्टीवर आपटतो. ठिणग्या गारगोटीच्या नसतात. तिच्या धारेने पोलादाचे जे सूक्ष्म कीस निघतात, ते पेट घेऊन खालच्या वाटीतल्या रंजकेवर (बारीक दाण्याच्या दारूवर) पडतात. म्हणून फ्रिझनचे पोलाद पुरेसे कडक नसेल तर इंग्लंडच्या ब्रँडनची उत्तम काळी गारगोटी लावूनही उपयोग नाही. स्वस्त संचांत कमीपणा आढळतो तो इथेच. गारगोटी चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट आवळावी आणि तिची धार फ्रिझनला पूर्ण रुंदीने एकाच वेळी टेकते आहे ना, हे पाहावे.

दस्त्यातल्या खोबणी बहुतेक संचांत यंत्राने कोरलेल्या असतात, पण शेवटची बसवणूक हातानेच करावी लागते. नळीच्या खालच्या अंगाला तेलात कालवलेली काजळी लावावी, नळी खोबणीत दाबून उचलावी, आणि लाकडावर जिथे काळा ठिपका उमटेल तेवढेच खरवडावे. हे कंटाळवाणे आहे खरे, पण यंत्राच्या कानशीने हेच काम झटपट उरकायला जाल तर नळी आणि लाकूड यांमध्ये जी फट पडते ती कायमची. आधी नळी, मग लॉक, मग चाप हा क्रम मोडू नये, कारण कान वाटीच्या मध्यावर आणि तिच्या वरच्या कडेच्या पातळीत यायला हवा. स्क्रू आवळताच चाप जड होत असेल, तर लॉकच्या आतल्या सिअरच्या (ताणलेला घोडा अडवून धरणाऱ्या कळीच्या) दांडीला बहुधा लाकूड घासत असते. तिथे मोकळी जागा करावी, स्प्रिंगला हात लावू नये.

कानाचे छिद्र साधारण 1.6 मिलिमीटरचे असते. वाटी कानापर्यंत गच्च भरली की दारू वातीसारखी जळत आत जाते आणि बार रेंगाळतो. रंजक थोडीच टाकून कान मोकळा ठेवला तर ज्वाळा थेट आत शिरते. दारू खरी काळीच हवी. पायरोडेक्ससारखे पर्याय पेट घ्यायला अधिक उष्णता मागतात, म्हणून चकमकीवर ते बेभरवशाचे ठरतात. आधुनिक धूरविरहित दारू तर कोणत्याही परिस्थितीत घालू नये, नळी फुटेल.

दारू निर्मात्याने सांगितलेल्या मापाची असावी, आणि दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत न ओतता वेगळ्या मापट्याने घालावी, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असू शकते. मग ओशट केलेल्या सुती चिंधीत गोळी ठेवून ती गजाने दारूवर घट्ट टेकेपर्यंत ठासावी. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. गज नेहमी नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून थोडा थोडा दाबावा, कारण मोडलेला लाकडी गज तळहातातून आरपार जाऊ शकतो. बंदूक पूर्ण भरलेली असताना गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवावी, म्हणजे गोळी अर्ध्यात अडकली तर लगेच कळते. रंजक सर्वांत शेवटी, निशाणाच्या रेषेवर उभे राहूनच टाकावी.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी निशाणाकडेच रोखून किमान एक मिनिट थांबावे. कानातून बाजूला ज्वाळा निघते, तेव्हा उजव्या अंगाला कोणी उभे राहू देऊ नये, आणि चष्मा स्वतःप्रमाणेच शेजाऱ्यालाही हवा. डोळ्यांसमोर होणाऱ्या भडक्याने नवा माणूस दचकतो आणि गोळी बाहेर पडण्याआधीच नेम हलतो. यावर उपाय म्हणजे नळी रिकामी ठेवून केवळ रंजक उडवण्याचा सराव, ज्यात बार नसला तरी भडका खराच असतो. येथे ख्रिसमसनंतर चकमकीच्या बंदुकांसाठी हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम असतो, पण असा सराव झाल्याशिवाय त्यात उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा शोषते आणि नळीला रात्रीतून गंज चढवते. म्हणून त्याच दिवशी नळी साबणाच्या पाण्याने धुवावी, कोरडी पुसावी आणि मगच तेलाचा हात द्यावा. लॉकही काढून तसाच स्वच्छ करावा.